ताडपत्रीखालची फियाट : जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार घरच्या घरी

वेळ नदीकाठचे तळेगाव ढमढेरे हे शिरूर तालुक्यातील जुने बाजारपेठेचे गाव. अशा गावांच्या पेठेत दुकान पुढे आणि घर मागे, अशी वास्तूची रचना असे. मागच्या अंगणात धान्याची कोठारे, गोठा आणि पडवी. पुढे सुबत्ता आली तशी त्याच पडवीत पहिली मोटार उभी राहिली, आणि ती बहुधा फियाट असे. माल पाहायला पुण्याला जाणे असो, लग्नाची वरात असो की सहकुटुंब यात्रा असो, घरातील दोन पिढ्या त्या एका गाडीच्या आसनांवर दाटीवाटीने बसल्या. कर्ते पुरुष निवर्तले, मुलांनी नव्या गाड्या घेतल्या आणि फियाटीवर ताडपत्री पडली. आता प्रश्न असतो तो एकच : ती भंगारात द्यावी की पुन्हा चालती करावी?

या प्रश्नाचे उत्तर केवळ भावनेने देऊ नये आणि केवळ भंगाराच्या भावानेही देऊ नये. त्यासाठी गाडीचा इतिहास, तिच्या यंत्राची ओळख, कायदा आणि खर्च या चारही बाजू पाहाव्या लागतात.

सोलापूरच्या पेढीपासून कुर्ल्याच्या कारखान्यापर्यंत

या गाडीची कुळकथा व्यापारी जैन कुटुंबांना जवळची वाटेल अशी आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजरातमधून येऊन स्थायिक झालेल्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात झाला. रेल्वेची बांधकामे, सिंदिया जहाज कंपनी, वालचंदनगरचा साखर कारखाना, बंगळूरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजगोदी अशी त्यांच्या उद्योगांची चढती मालिका. मोटार या देशात तयार व्हावी, हा त्यांचा ध्यास परकीय सरकारच्या अनास्थेमुळे बराच काळ रखडला. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या.

इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला तो १९५१ च्या सुमारास. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. त्यांनी घातलेल्या पायावर १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात घडू लागली. तिच्या गोलमटोल आकारामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले आणि प्रेमाने वापरले. १९६४ मध्ये नव्या बांध्याची 'डिलाइट' आली. फियाटशी असलेला परवाना संपल्यावर तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली. त्या काळात नोंदणी करून वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि फियाटीचे राज्य ओसरू लागले. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईत नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी टॅक्सी महानगराच्या रस्त्यांवरून कायमची गेली.

योगायोग असा की कुर्ल्याची ही कथा पुढे शिरूर तालुक्यातच येऊन मिळते. फियाटचा आधुनिक कारखाना रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. टाटांच्या भागीदारीत तो चालू लागला आणि २०१७ पासून तेथे जीप कंपासही तयार होऊ लागली. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग घडवणारे कारखाने आज ठायी ठायी आहेत. त्यामुळे तळेगावच्या पडवीतील फियाटीला चांगला लेथवाला आणि कुशल कारागीर शोधायला फार दूर जावे लागत नाही.

पान्याआधी कागद

जीर्णोद्धाराची सुरुवात पान्याने नव्हे, कागदाने करावी. अनेक घरांत गाडी अजूनही दिवंगत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरच असते. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवणे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतरण मागणे, असा नियम आहे. मुदत टळली असेल तर विलंबाचा दंड आणि वारसांची संमतीपत्रे यांची तयारी आधी करावी. भावाभावांत ज्या गोष्टीची वाटणी झाली नाही, तिच्यावर एकाने खर्च करणे म्हणजे पुढच्या वादाला निमंत्रण होय.

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती नूतनीकृत करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणी पुस्तकावरील चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील कोरीव क्रमांकांशी ताडून पाहावेत. पूर्वी कोणी इंजिन बदलले असेल आणि नोंद केली नसेल, तर ते येथेच उघड होते.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'विंटेज' वाहनांचे स्वतंत्र नियम केले. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी क्रमांकपट्टी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र या सवलतीला दोन अटी आहेत. पहिली, गाडी मूळ रूपात असावी. चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. दुसरी, ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मोकळीक असते. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये या उंबरठ्यावर पोहोचली. म्हणून घरच्या मंडळींनी आधीच ठरवावे : गाडी अधूनमधून चालवायची आहे की वारसा म्हणून जपायची आहे? त्यावरच पुढचा सारा खर्च अवलंबून राहतो.

किल्ली फिरवण्याची घाई नको

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत नवी बॅटरी टाकून लगेच किल्ली फिरवणे ही सर्वांत महाग पडणारी घाई आहे. सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल सुकलेले असते, पिस्टनच्या रिंगा गंजाने धरलेल्या असतात आणि एका झटक्यात भिंतीवर चरे पडतात.

त्याआधी एक काम अहिंसेच्या दृष्टीने आणि यंत्राच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. बॉनेटखाली, आसनांच्या स्प्रिंगांत, हवेच्या गाळणीत आणि धुराच्या नळीत उंदीर, चिमणी, मांजराची पिल्ले, मुंग्या, गांधीलमाशी यांपैकी कोणी घर केले आहे का, हे उजेडात नीट पाहावे. पिल्ले असतील तर काही आठवडे थांबावे. इतकी वर्षे उभी असलेली गाडी महिनाभर आणखी उभी राहील. उंदरांनी कुरतडलेल्या तारा याच वेळी लक्षात येतात आणि आगीचा धोका टळतो.

मग चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन तेल सोडावे आणि दिवसभर मुरू द्यावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून हँडल लावावे आणि हलक्या हाताने फिरवून पाहावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा धडा. उलटा झटका बसला तर अंगठा वाचतो. इंजिन मोकळे फिरले तर अर्धी लढाई जिंकली. ते जाम असेल तर जोर न लावता हेड खोलावे.

फियाटीचे हे इंजिन साधे आहे : चार सिलिंडर, १०८९ सीसी, एकच कार्बोरेटर आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअरची दांडी. आत संगणक नाही, संवेदक नाहीत. म्हणूनच घरच्या गॅरेजमध्ये ते समजून घेता येते. टाकीतील जुने पेट्रोल डिंकासारखे चिकट झालेले असते. ते काढून टाकी धुवावी, पेट्रोल पंपाचा पडदा बदलावा, कार्बोरेटरचे जेट साफ करावेत. रेडिएटरमधील गाळ काढावा, रबरी नळ्या नव्या घालाव्यात. टॅपेटची फट, पॉइंटची फट आणि टायमिंग ही तीन मापे बरोबर जुळली की इंजिन आपणहून बोलू लागते.

काढलेले जुने तेल ओढ्यात किंवा जमिनीत कधीही सोडू नये. ते डब्यात भरून, जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. ब्रेक आणि क्लचच्या जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यांची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

काय बदलावे, काय राखावे

सुधारणेचा एक सोपा दंडक आहे : ज्या बदलातून गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते, तोच बदल करावा. काढलेला मूळ भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवावा.

या दंडकात बसणाऱ्या आणि खरोखर उपयोगी अशा सुधारणा थोड्याच आहेत. जुन्या डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवला तर रात्री दिवे मंदावत नाहीत. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले तर इंजिन सहज सुरू होते. दिव्यांना रिले दिले तर जुन्या स्विचवर भार येत नाही. वायरिंग पूर्ण नवे करून प्रत्येक मंडलाला फ्यूज द्यावा. आसनपट्टे बसवावेत, पण ते गंजलेल्या पत्र्याला न अडकवता मजबूत केलेल्या ठिकाणीच अडकवावेत.

इंधनाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडली होती. व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचेच संरक्षण मिळे. भारतात २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले. त्यामुळे हेड उघडलेच आहे तर कठीण धातूच्या नव्या बैठका बसवून घेणे शहाणपणाचे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. भीमा-घोड खोऱ्यातील उसाला त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले, परंतु जुन्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने फुगतात, चिरतात. शिवाय ते ओलावा शोषून घेते आणि टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या वापरणे आणि गाडी दीर्घकाळ उभी करताना टाकीत जुने पेट्रोल न ठेवणे, हाच त्यावरचा उपाय.

याउलट मोठे परके इंजिन बसवणे, सांगाडा कापणे हे मोह टाळावेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार करू देत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके हेच कारण पुढे करू शकते.

जेथे काटकसर चालत नाही

व्यापाऱ्याच्या हिशेबात काटकसर हा गुण असला तरी दोन ठिकाणी ती जिवावर बेतते. पहिले ठिकाण ब्रेक. या जुन्या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. कोठेही एक गळती झाली की चारही चाके एकदम निकामी. म्हणून सर्व सिलिंडरांचे रबर, सर्व नळ्या आणि ब्रेकचे तेल, काहीही शिल्लक न ठेवता बदलावे. इंजिन सुरू होण्याआधी गाडी थांबली पाहिजे, हा क्रम कधी उलटा करू नये. टायरही असेच : नक्षी शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे रबर कडक होऊन चिरलेले असते.

दुसरे ठिकाण पत्रा. फियाटीला वेगळी चॅसी नाही, सारा भार अंगच्या पत्र्यावरच असतो. दरवाजाखालच्या पट्ट्या आणि पायाखालची जमीन गंजली असेल तर वरून पुट्टी भरून रंग चढवणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईवर नक्षी काढणे. तेथे गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगनेच बसवला पाहिजे.

काम करणाऱ्याची सुरक्षितता तितकीच महत्त्वाची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. भक्कम स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावावेत. बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही. वेल्डिंग आणि ब्रेक यांची कामे जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावीत. घरच्यांनी सुटे करणे, साफ करणे, नोंद ठेवणे आणि जुळवणे एवढे केले तरी पुष्कळ झाले.

वही आणि वारसा

सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत, जुन्या बाजारात आणि मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात धुंडाळावे लागतात. त्यासाठी पेढीवरची शिस्त कामी येते. एक स्वतंत्र वही घालावी. प्रत्येक नटबोल्ट पिशवीत घालून तिला क्रमांक द्यावा, तोच क्रमांक वहीत लिहावा, सुटे करण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. खर्चाचे तीन रकाने करावेत : सुरक्षितता, चालना आणि शोभा. पहिला रकाना पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यात आणि दुसरा पूर्ण झाल्याशिवाय तिसऱ्यात पैसा जाऊ नये. क्रोम आणि रंग यांवर आधी खर्च करून मध्येच थांबलेल्या गाड्या अखेर भंगारातच जातात.

दर सहा महिन्यांनी वही उघडून घरच्यांनी एकत्र बसावे. पत्रा वाचवण्यापलीकडे गेला असेल, किंवा खर्च घराला जड होत असेल, तर अधिकृत वाहन मोडणी केंद्रात गाडी देऊन तिचे प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करावी. त्यात कमीपणा नाही. वस्तूचा मोह धरून तिला उन्हापावसात कुजू देणे हे जतन नव्हे, तो नुसता संग्रह होय.

मात्र गाडी वाचण्याजोगी असेल तर तिच्याइतकी चांगली शाळा घरात दुसरी नाही. व्यापारी घरातील मुले हिशेब लवकर शिकतात. हात काळे करून एखादी वस्तू सुरू करण्याचा अनुभव मात्र त्यांना क्वचित मिळतो. तळेगावच्या पडवीत रविवारी सकाळी आजीने सांगावे की आसनाचे हे कापड कोणत्या वर्षी शिवले, वडिलांनी पाना धरावा, नातीने वहीत क्रमांक लिहावा. वालचंदांनी कारखाना उभारला तो या देशातील माणसाला यंत्र घडवता येते, या विश्वासावर. ते यंत्र दुरुस्त करता येणे, हा त्याच विश्वासाचा घरगुती अवतार आहे.