तारेवाचून घर आणि सरकारी अनुदान

डोंगरउतारावर थोडी जमीन घ्यावी, छपरावर सौर पॅनेल बसवावीत, पावसाचे पाणी टाकीत साठवावे आणि वीजकंपनीच्या तारेशी संबंध न ठेवता स्वयंपूर्ण संसार थाटावा, असा मनोदय अलीकडे अनेक मध्यमवर्गीय गृहस्थ बोलून दाखवितात. आणि ‘यासाठी सरकार पैसेही देते म्हणे’, अशी पुस्तीही त्याला जोडतात. ही पुस्ती अर्धसत्य आहे. कारण सरकारी खजिन्यातील मुख्य रक्कम तारेला जोडलेल्या घरासाठीच राखून ठेवलेली आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॉटच्या संचास ३०,००० रुपये, दोनास ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. मात्र अर्जदाराकडे चालू वीजजोडणी हवी, पॅनेल देशी बनावटीची हवीत, आणि संचाची तपासणी होऊन नेट मीटर बसल्यावरच रक्कम बँकखात्यात जमा होते. दुपारी उरलेली वीज तारेवाटे इतरांच्या उपयोगी पडते, हे त्यामागील प्रयोजन. एकाकी घरात बॅटरी भरली की तीच वीज वाया जाते.

त्यातून बॅटरीसाठी या योजनेत छदामही नाही, आणि खरा खर्च तर तिथेच आहे. दिवसाला पाच युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने कोकणातल्या दोन झाकोळलेल्या दिवसांची तरतूद करावयाची म्हटली, तर दहा युनिटांचा साठा लागतो. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरच्या एका लेड-ॲसिड बॅटरीत १.८ युनिट मावतात. ती टिकावी म्हणून निम्मीच वापरावयाची, तर अशा बारा बॅटऱ्या मांडाव्या लागतात, त्यांत वेळोवेळी डिस्टिल्ड पाणी घालावे लागते, आणि काही वर्षांनी त्या बदलण्याचा खर्च पुन्हा दत्त म्हणून उभा राहतो.

तारेवाचून राहणाऱ्यास साहाय्य अजिबात नाही, असे मात्र नव्हे. जिथे तार नेणे परवडत नाही अशा पाड्यांवरील कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांसारख्या आदिम जमातींच्या कुटुंबांना ‘पीएम-जनमन’ योजनेतून घरटी ५०,००० रुपयांपर्यंत खर्चाचा स्वतंत्र सौरसंच दिला जातो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्केच हिस्सा भरावयाचा असतो. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आल्याचा लाभ तर सर्वांनाच आहे.

तात्पर्य, दाराशी तार आलेली असेल तर हौसेखातर मीटर काढून टाकणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. तार दूर असेल, तर खांबांसह जोडणीचा खर्च वीजकंपनीकडून लेखी मागवावा, त्याशेजारी बॅटऱ्यांचा दहा वर्षांचा खर्च मांडावा, आणि अनुदानाची रक्कम त्या हिशेबात शून्य धरूनच घराचा पाया खणावा.