भूल न मानवल्याची कैफियत

१९७९ सालच्या मे महिन्यात माझ्या आईची खालची दाढ काढावयाची ठरली, आणि हिरडीत सुई टोचून अर्धे मिनिट लोटते न लोटते तोच तिची छाती धडधडू लागली, हातांना कंप सुटला, कपाळ घामाने डबडबले आणि ‘जीव घाबरा होतोय रे’ एवढेच म्हणून तिने डोळे मिटले. दहा मिनिटांत सारे शमले. दाढ मात्र जागच्या जागी राहिली. त्या दिवसापासून ‘आईला भुलीचे इंजेक्शन मानवत नाही’ ही नोंद आमच्या घरच्या दप्तरी कायमची दाखल झाली, आणि आई मंद थायरॉइडसाठी गोळ्या घेत असल्यामुळे सारा दोष त्या रोगाच्या माथी गेला. पुढली कित्येक वर्षे तिने लवंगेच्या तेलावर निभावून नेली. त्या सोसण्याचे मूळ शोधू गेलो तेव्हा मला दोन इतिहास चाळावे लागले, जे शंभर वर्षे शेजारून वाहत होते.

पहिला बधिरतेचा. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला, आणि ते वर्ष सरण्यापूर्वीच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूपाशी तेच द्रव्य टोचून दाताच्या वेदनेला अटकाव केला. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड त्याच्या आहारी गेले. १९०५ मध्ये आइनहॉर्न यांचे नोव्होकेन आले. ते सौम्य खरे, परंतु रक्तवाहिन्या सैल करून टोचल्या जागेवरून लवकर वाहून जाणारे. त्याला जागीच रोखून धरण्याची तजवीज हाइनरिख ब्राउन यांनी अ‍ॅड्रिनॅलिन मिसळून केली. स्वीडनमध्ये लॉफग्रेन यांनी १९४३ साली सिद्ध केलेले लिग्नोकेन १९४८ पासून बाजारात आले, नोव्होकेनला होणाऱ्या अ‍ॅलर्जीचा उपद्रव जवळजवळ संपला, पण अ‍ॅड्रिनॅलिनची सोबत काही सुटली नाही. कारण त्याच्यावाचून दाताचा गर जेमतेम पाच-दहा मिनिटे बधिर राहतो आणि त्याच्यासह सुमारे तासभर. आपल्याकडे रूढ असलेल्या औषधात त्याचे प्रमाण ८०,००० भागांत एक भाग असते, म्हणजे १.८ मिलिलिटरच्या एका कुपीत साडेबावीस मायक्रोग्रॅम. भय वाटताच शरीर स्वतःच जे द्रव्य रक्तात सोडते तेच हे, आणि सुईचे टोक नकळत रक्तवाहिनीत शिरले तर त्याचा परिणाम क्षणात हृदयावर उमटतो. म्हणूनच औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येते काय हे पाहण्याचा प्रघात पडला.

दुसरा इतिहास कंठातल्या थायरॉइड ग्रंथीचा, जिला आपले परिभाषाकार अवटु म्हणतात. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांच्या ठायी हळूहळू येणाऱ्या एका विलक्षण जडत्वाचे वर्णन केले: चेहरा सुजलेला, जीभ जाड, वाणी मंद, अंगाला सदा थंडी. ऑर्ड यांनी पुढे त्याला मिक्सिडीमा हे नाव दिले, आणि लंडनच्याच क्लिनिकल सोसायटीने १८८८ च्या आपल्या अहवालात त्याचा संबंध या ग्रंथीच्या ऱ्हासाशी जोडला. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून जिच्यावर उपचार केले ती सेहेचाळीस वर्षांची स्त्री आणखी अठ्ठावीस वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. वैद्यकाच्या साऱ्या इतिहासात याहून अधिक हृद्य असे फारसे काही माझ्या वाचनात आलेले नाही. मावळत चाललेले एक माणूस पुन्हा बोलू-चालू लागले! १९१४ च्या नाताळात केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले, १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते कृत्रिमरीत्या सिद्ध केले, आणि कालांतराने मेंढीच्या जागी इवलीशी पांढरी गोळी आली.

मात्र गोळी नेमकी किती द्यावी, हे ठरविण्याचे सूक्ष्म माप बराच काळ हाती नव्हते. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी थायरॉइडला ज्या रसाकरवी हुकूम धाडते त्याची, म्हणजे टी.एस.एच.ची, मोजणी १९६० नंतरच्या दशकात सुरू झाली खरी, परंतु औषध जास्त होत आहे हे दाखविण्याइतकी ती तरल व्हावयास १९८० नंतरचे दशक उजाडले. तोवर दिवसाला दोनशे ते चारशे मायक्रोग्रॅम ही मात्रा सर्रास दिली जाई. आज साठ किलो वजनाच्या माणसाला सुमारे शंभर पुरतात. आईच्या जुन्या कागदांत मला तीनशेची चिठ्ठी सापडली आणि कोडे उलगडले. ग्रंथी मंद असलेली ती बाई औषधाच्या अतिरेकाने त्या वेळी बहुधा उलट्याच टोकाला, म्हणजे थायरॉइड वाढलेल्या रुग्णाच्या अवस्थेला, पोहोचली होती. तशा हृदयाला अ‍ॅड्रिनॅलिन अधिक झोंबते. त्यात भीतीने तिच्या देहाने स्वतःचे अ‍ॅड्रिनॅलिन ओतले असणार, आणि सुई रक्तवाहिनीत गेली असण्याचाही संभव आहे. ‘मानवत नाही’ या दोन शब्दांखाली इतक्या भिन्न गोष्टी दडपल्या गेल्या होत्या, आणि लिग्नोकेन त्यांत बहुधा सर्वांत निरपराध होते.

थायरॉइड खरोखरच मंद असेल आणि उपचारच होत नसतील, तर धोका निराळ्या दिशेने येतो. अशा देहाला झोपेची, गुंगीची आणि अफूच्या जातीची औषधे साध्या मात्रेतही फार चढतात; जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा गुंगीचे औषध यांच्या निमित्ताने तो थंड पडत बेशुद्धीत जाऊ शकतो, आणि ही अवस्था प्राणघातक असते. वर्षानुवर्षे चढलेल्या कोलेस्टेरॉलने हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या असल्या तर अ‍ॅड्रिनॅलिनला एका बैठकीत चाळीस मायक्रोग्रॅमची मर्यादा घालतात, म्हणजे रूढ औषधाच्या दोन कुप्याही नाहीत. परंतु गोळी नियमित चालू आहे, टी.एस.एच. ठीक आहे आणि हृदयविकार नाही, अशा माणसाला दाताची भूल इतरांसारखीच देता येते. हे मी मुद्दाम ठासून लिहितो, कारण आईसारख्या किती स्त्रिया त्या एका समजुतीपायी कुजलेली दाढ तोंडात बाळगून बसल्या असतील, या विचाराने आजही मन कष्टी होते.

१९९६ मध्ये ती पुन्हा त्या खुर्चीवर बसली. गोळी तोवर शंभरावर आली होती. नव्या दंतवैद्यबाईंनी प्रथम कैफियत ऐकून घेतली, गोळी किती व कधीपासून, शेवटची रक्ततपासणी केव्हाची, छातीत कधी दुखते काय, असे एकेक विचारले, आणि त्या दिवशी सुईला हातही न लावता केवळ सूज उतरण्याचे औषध देऊन घरी पाठविले; पू झालेल्या जागी भूल नीट लागत नाही आणि मग पुनःपुन्हा टोचावे लागते, हे त्यांनी तिला समजावून सांगितले. आठवड्याने आम्ही परत गेलो. दट्ट्या मागे ओढून, थांबत थांबत, दीड-दोन मिनिटे घेऊन त्यांनी औषध सोडले. आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तिची नाडी माझ्या बोटांना लागत होती, आणि ती संथ चालली होती.