आजीची ओवी रेकॉर्ड करताना जात्याची घरघर कुठे गायब होते?

समजा, माजलगावजवळच्या एका गावात आजी जात्यावर बसून ओव्या म्हणतेय. जोडीने दळायला बसणारी तिची बहीण आता पुण्यात असते, म्हणून ती व्हिडिओ कॉलवर. नातवाने लॅपटॉप समोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. नंतर ऐकलं तर आजीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि पुण्याची आजी म्हणते, "मला तर जातं ऐकूच आलं नाही गं!"

यात माईकचा दोष नाही. व्हिडिओ कॉलची ॲप्स सतत एकसारखा चालणारा आवाज 'गोंगाट' समजून कापतात. त्यांच्या लेखी पंखा आणि जातं सारखंच.

माजलगावचं नाव उगाच घेतलेलं नाही. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारातून महाराष्ट्रातल्या 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. 1996 मध्ये माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्याही ध्वनिमुद्रित झाल्या. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर हा ठेवा लोकांसमोर येतोय. तेव्हा त्यासाठी खास रेकॉर्डर न्यावा लागला. आज तेच काम घरच्या कॉम्प्युटरवर होऊ शकतं, फक्त एक गोष्ट पाळायची: प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा. सगळे आवाज एकाच फाइलमध्ये मिसळले की पुन्हा नीट वेगळे करणं जवळपास अशक्य. ट्रॅक वेगळे असतील तर मिक्सिंग दहा वेळा बदलता येतं.

इथे बरेच जण अडकतात. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर एडिटिंगला उत्तम, पण रेकॉर्डिंगला ते एका वेळी एकच इनपुट डिव्हाइस निवडू देतं. माईक आणि कॉलचा आवाज एकाच वेळी हवा असेल तर ओबीएस स्टुडिओ वापरा, तेही फुकट आहे. त्यात माईक हा एक सोर्स आणि 'डेस्कटॉप ऑडिओ' हा दुसरा. ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माईकला ट्रॅक 1 आणि कॉलला ट्रॅक 2 द्या. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये दोन्ही ट्रॅकवर टिक करायला विसरू नका. हे हमखास राहतं.

जात्यासाठी वेगळा मोबाईल पुरेसा आहे. तो जात्याच्या अगदी जवळ ठेवा. आजीचा माईक तोंडापासून वीतभर लांब असेल, तर मोबाईल त्या माईकपासून किमान तीन वीत दूर हवा, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात कमी मिसळतो. मोबाईल आणि कॉम्प्युटर यांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. सेकंदाला फक्त 50 मायक्रोसेकंदांचा फरक असला तरी तासाभरात 0.18 सेकंदाची तफावत पडते आणि घरघर ओवीच्या मागे राहते. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी एकेक जोरदार टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये त्या टाळ्या जुळवल्या की काम झालं.

आजीला इअरफोन घालायला लावा, वायरचा. स्पीकरवर कॉल ठेवला तर पुण्याचा आवाज परत आजीच्या माईकमध्ये शिरतो. आणि हो, दोघींना एकाच वेळी गायला सांगू नका. इंटरनेटवरून आवाज पोचायला थोडा वेळ लागतोच. एकीने म्हणून झाल्यावर दुसरीने म्हणावं.

जातं सुरू होण्याआधी दहा सेकंद कुणी बोलू नका, नुसता पंखा रेकॉर्ड होऊ द्या. ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शनला तोच नमुना दाखवायचा. नमुन्यात जातं असेल तर सॉफ्टवेअर जातंही पुसायला घेईल. आवाजाची पातळी सर्वात मोठ्या स्वरालाही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, तो नंतर नीट होत नाही.

आता मिक्सिंग. आजीच्या ट्रॅकवर हाय-पास फिल्टर लावून 80 हर्ट्झच्या खालचा भाग कापा, वीजवाहिनीची 50 हर्ट्झची गुणगुण कमी होते. जात्याच्या ट्रॅकवर मात्र तो लावू नका, घरघरीचा भारदस्तपणा तिथेच असतो. तो ट्रॅक आजीपेक्षा 12 डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा. हे सगळं हेडफोनवर ऐकून ठरवा. मोबाईलच्या छोट्या स्पीकरला खालचे स्वर झेपत नाहीत, त्यामुळे जातं कमी वाटतं आणि लोक ते उगाच वाढवत बसतात.