मऊ पिसाची माशी

गळानें मासे धरणें म्हणजे गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तळ्याकांठीं बसणें, एवढीच आपली सामान्य कल्पना असते. उत्तर इंग्लंडांतील यॉर्कशायरमध्यें व स्कॉटलंडच्या सीमेवरील नद्यांकांठीं मात्र या विद्येची निराळीच शाखा वाढली. तेथील ट्राउट मासा बहुतांशीं जलकीटकांवर जगतो. म्हणून गळाला रेशीम व पीस गुंडाळून कीटकाची प्रतिमा बनवावयाची, आणि तीच आमिष म्हणून प्रवाहांत सोडावयाची. या प्रतिमेला ‘माशी’ म्हणतात. इ. स. १४९६ मध्यें वेस्टमिन्स्टर येथें छापलेल्या एका इंग्रजी प्रबंधांत अशा १२ माश्यांचें वर्णन आहे. आज त्यांच्या वंशांतील एकीविषयींच बोलावयाचें आहे. ती म्हणजे मरणोन्मुख कॅडिसची माशी.

कॅडिस हा पतंगांचा जवळचा भाऊबंद; फरक इतकाच कीं, त्याच्या पंखांवर खवल्यांऐवजीं बारीक केंस असतात. त्याची अळी नदीच्या तळाशीं राहते. कांहीं जातींच्या अळ्या स्वतःच्या रेशमानें वाळूचे कण व काड्या सांधून अंगाभोंवतीं नळी बांधतात. हायड्रोप्सिकी नांवाच्या वर्गांतील अळ्या तर दगडांमध्यें चक्क जाळें विणतात आणि प्रवाहाबरोबर येईल तें खातात. म्हणजे माशाआधीं कोळ्याचा धंदा या अळीनेंच आरंभिला म्हणावयाचा! पुढें कोष होतो, कोषांतून पंख असलेला कीटक निघतो. तो बसला कीं त्याचे पंख कौलारू छपराप्रमाणें दोन्ही बाजूंस उतरते राहतात.

या वर्गांतील माद्या अंडीं घालण्यासाठीं पुन्हां पाण्यांत शिरतात. केंसांत अडकलेली हवा त्यांच्या अंगावर रुपेरी पापुद्र्यासारखी चमकते. बुडालेल्या दगडांवर अंडीं चिकटविलीं कीं मादीच्या अंगांत त्राण उरत नाहीं. पंख अस्ताव्यस्त, पाय सैल, अशी ती प्रवाहाच्या स्वाधीन होते. जें भक्ष्य पळूं शकत नाहीं, त्यासाठीं ट्राउटला धांवाधांव करावी लागत नाहीं; तो जागच्या जागीं तोंड उघडतो.

आतां ही अवस्था गळावर उतरवावयाची कशी? नवशिका पंख, पाय, मिशा सर्व हुबेहूब करूं पाहतो. अशी माशी हातांत सुरेख दिसते, पण पाण्यांत काडीसारखी ताठ राहते. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या माशीला कोंबड्याच्या मानेचें ताठर पीस योग्य. येथें नेमकें उलट हवें. तित्तिर पक्ष्याच्या मानेवरील वा पाठीवरील ठिपकेदार पिसाचे तंतु मऊ असतात. ते भिजतात, आणि लहानशा भोंवऱ्यानेंही मिटतात व उघडतात. मरणाऱ्या पायांची व पंखांची हालचाल तेच करून दाखवितात.

कृति अशी. १४ क्रमांकाचा गळ घ्यावा (येथें आंकडा वाढला कीं गळ लहान होतो). मेण लावलेलें रेशीम दांड्यावर गुंडाळीत बांकापर्यंत न्यावें. सशाच्या कानावरील लव चिमूटभर, अगदीं विरळ, रेशमावर पिळून शरीर करावें. ‘ग्रॅनम’ ही वसंतांतील जात बनवावयाची असल्यास शेपटीशीं हिरव्या रेशमाचा ठिपका ठेवावा, कारण तिची मादी हिरव्या अंड्यांचा गोळा तेथें वाहून नेते. शेवटीं नेढ्यामागें पीस बांधून त्याचे दोनच वेढे द्यावेत. तिसऱ्या वेढ्याचा मोह फार होतो; पण दाट पिसांतील तंतूंना हालावयास जागाच राहत नाहीं.

ही काटकसर जुन्या मंडळींना पक्की ठाऊक होती. १८५७ सालीं स्टुअर्ट यानें आपल्या ग्रंथांत तीन साध्या ‘कोळी’ माश्यांचा पुरस्कार केला. १८८५ सालीं प्रिट यानें यॉर्कशायरच्या ६२ माश्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. स्टुअर्टच्या पिसांपैकीं डॉटरेल व लँडरेल हे पक्षी आतां ब्रिटनमध्यें कायद्यानें संरक्षित आहेत. त्यांच्या जागीं इतर मऊ पिसें वापरतात. १९७५ मध्यें अमेरिकन लेखक सिल्व्हेस्टर नेम्स याच्या पुस्तकानें या माश्यांकडे पुन्हां लक्ष वेधलें.

माशी नदीवर नेण्यापूर्वीं पेलाभर पाण्यांत बुडवून हलवून पाहावी. तंतु अंगाशीं मिटून पुन्हां पसरले तर ठीक. ताठच राहिले, तर रेशीम कापून पुन्हां बांधावी.