वजनाचा काटा आणि अंगातील बळ

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याकडे जाणाऱ्यास जमिनीवर केवळ ओळीने बांधलेली कुंड्यांची तोंडे दिसतात. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी इ. स. १६१५ च्या सुमारास खोदलेल्या भुयारातून खाली वाहत असते. वरून त्याचा अंदाज येत नाही. वृद्धांच्या शरीराचेही काहीसे असेच आहे. काटा वजन सांगतो. पण त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही.

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. हातमागावर बसणाऱ्या विणकराचे हातपाय दिवसभर चालत असत. यंत्रमाग आले आणि ते श्रम विजेकडे गेले. श्रम सुटले, की झिजत्या स्नायूंची जागा चरबी घेते. वजन तेवढेच राहते, किंबहुना वाढते. शक्ती मात्र ओसरते. या झिजेस इ. स. १९८९ मध्ये अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचविले. तिला लठ्ठपणाची जोड मिळाली म्हणजे ओझे वाढते आणि ते वाहणारे पाय दुबळे होतात. शिवाय जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. ते घटले, की मधुमेहास वाट मोकळी होते.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के होती.

मग उपाय कोणता? पुष्कळ वृद्ध एकभुक्त राहतात, उपासाचे दिवस वाढवितात. परंतु उपासाच्या साबुदाण्यात पिष्टच असते, प्रथिने जवळजवळ नसतात. नुसत्या उपासमारीने चरबीबरोबर स्नायूही जातात. अमेरिकेत ६५ वर्षांवरील १०७ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ आहार कमी करणाऱ्यांचे चरबीविरहित वस्तुमान ५ टक्के घटले. आहाराला व्यायामाची जोड देणाऱ्यांचे ३ टक्केच घटले आणि त्यांची हालचाल सर्वांत अधिक सुधारली.

तेव्हा तळण व गोड कमी करावे, पण डाळ, दूध, दही, चालत असल्यास अंडी वा मासे कमी करू नयेत. वृद्धास वजनाच्या दर किलोस रोज एक ग्रॅम वा थोडी अधिक प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र वैद्यांस विचारूनच प्रमाण ठरवावे. रोज फिरावे आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस बळाचा व्यायाम करावा : खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीस हात टेकून रेटणे, पाण्याने भरलेला तांब्या उचलणे.

परीक्षाही घरीच होते. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागले, तर वैद्यांचा सल्ला घ्यावा. घरातील वडीलधाऱ्यांचे वजन किती उतरले, एवढेच विचारून थांबू नये. ती माणसे हात न टेकता उठतात काय, हे पाहावे. म्हातारपणी दुसऱ्याच्या आधारावाचून उंबरठा ओलांडता येणे, हेच खरे आरोग्य होय.