वीज कडाडली की दुकान सोडा!

सकाळी ८.३० : जुलै २००७. फ्लोरिडातल्या टॅम्पाजवळच्या एका बंदुकांच्या दुकानात मी साठा आणि हिशेब बघतो. शटर वर गेलं की पहिलं काम मोजदाद. दर्शनी कपाटात स्मोकलेस पावडरचे एकेक पौंडाचे डबे, सगळे मिळून २० पौंडांवर नकोत. प्रायमर, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या टोप्या, १० हजारांवर नकोत. काडतुसं ज्वालाग्राही द्रवांपासून २५ फूट लांब, नाहीतर मध्ये तासभर आग अडवणारी भिंत हवी. म्हणून बंदुका पुसायचं सॉल्व्हंट पार पलीकडच्या टोकाला. हे नियम जुने आहेत आणि आम्ही ते कुरकुर न करता पाळतो. पावडर भसकन पेटते, तिच्याशी खेळ नको.

९.३० : मालक कॉफी पीत एप्रिलात निघालेला मसुदा पुन्हा वाचताहेत. केंद्राच्या कामगार-सुरक्षा खात्यानं, म्हणजे ओशानं, स्फोटकांचे नियम नव्यानं लिहायला घेतलेत. हरकतींची मुदत १२ जुलै. गंमत अशी की नियम सुधारा म्हणून २००२ मध्ये अर्ज केला होता तो स्फोटकं बनवणाऱ्यांच्या आणि काडतूस कारखानदारांच्या संघटनांनीच. मागितलं एक, पदरात पडलं भलतंच : खाणीतला सुरुंग आणि आमची पॉइंट टू-टूची गोळी एकाच व्याख्येत बसवली.

११.०० : मालाचा ट्रक आला. बारा बोअरची काडतुसं, डब्यात २५, पेटीत दहा डबे. तिसरी पेटी उतरवताना कंबर बोलायला लागते. ड्रायव्हरच्या खिशात लायटर आहे. मसुदा म्हणतो, स्फोटकं असलेल्या जागेपासून ५० फुटांत काडेपेटी, उघडी ज्योत, ठिणगी पाडणारी वस्तू नको. शब्दशः धरलं तर ड्रायव्हरचा लायटर गेला, गिऱ्हाइकांचे गेले आणि सामाईक भिंतीपलीकडच्या पिझ्झावाल्याची भट्टीही गेली. भट्टी विझव म्हणून त्याला सांगायला कोण जाणार?

१.३० : डबा खाल्ला. गिऱ्हाईक नाही.

३.४० : आभाळ भरून आलं. इथे जुलैत बहुतेक दुपारी हा तमाशा असतो. काउंटरवर एक बाई पिस्तूल घेण्यासाठी ४४७३ नंबरचा फॉर्म भरताहेत, दुसरा गडी काडतुसांचे भाव विचारतोय. दोन पिस्तुलं काचेवर काढून ठेवलेली. गडगडाट झाला. मसुद्याप्रमाणे विजांचं वादळ जवळ येताच सगळ्या कामगारांना बाहेर काढून सुरक्षित जागी न्यायचं. डायनामाइटच्या कोठारात मी स्वतः सगळ्यांच्या आधी पळालो असतो. पण इथे? बाईंना पावसात उभं करायचं, काचेवरची पिस्तुलं कपाटात कोंडायची, गल्ला बंद करायचा आणि आपण पार्किंगमध्ये, म्हणजे नेमकं विजेखाली, जाऊन थांबायचं. तासाभरानं परत. उद्या पुन्हा तेच. आणि भिंतीभर बंदुका असलेलं दुकान रोज ठरल्या वेळी ओस पडतं हे चोरांना कळायला किती दिवस लागतील?

काडतूस नळीत असेल तरच गोळी सुसाट सुटते. उघड्यावर तापलं तर पितळी कवच फाटतं, तुकडे उडतात, गोळी मात्र फारशी हलत नाही. आणि एक फुटलं म्हणून पेटीभर काडतुसं एकदम उडत नाहीत, एकेक करून तडतडतात. आगीत हे धोक्याचं नाही असं कोण म्हणेल? पण तो धोका सुरुंगाच्या जातीचा नव्हे.

४.३० : पाऊस ओसरला. बाईंचा व्यवहार पुरा झाला.

५.१५ : हरकतीचं पत्र. मालकांनी लिहिलंय की हा आडवाटेनं बंदुका काढून घेण्याचा डाव आहे. मी ते वाक्य खोडलं. मला यात डाव दिसत नाही, हलगर्जीपणा दिसतो. आणि शिव्यांनी भरलेलं पत्र कारकून वाचतच नाही. आम्ही अर्धा तास वाद घातला. शेवटी पत्रात राहिली विजांची दुपार, पिझ्झावाल्याची भट्टी आणि एक मागणी : लहान शस्त्रांची काडतुसं, प्रायमर आणि पावडर यांना जुन्या वेगळ्या कलमातच ठेवा.

६.०० : शटर खाली.

जुलै संपायच्या आतच खात्यानं जाहीर केलं की काडतुसांच्या विक्रीवर बंधनं आणायचा आपला हेतू नव्हता, मसुदा नव्यानं मांडू. मालक म्हणाले, "हेतू नव्हता, तर लिहिलं कशाला?" आणि दुसऱ्या दिवशीच्या मालाची यादी माझ्यापुढे सरकवली.