अक्षरें तींच, उच्चार निराळा

देवनागरी लिपीच्या छायेंत वाढलेल्या माणसाला एक सुख अनायासें लाभलेलें असतें. डोळ्यांनीं जें पाहावें तेंच जिभेनें म्हणावें, ही त्याची बाळपणापासूनची संवय. 'कमळ' हीं तीन अक्षरें ओळखलीं कीं शब्द वाचतां आला. अर्थ ठाऊक असो वा नसो. म्हणूनच नुकतीच मुंज झालेला आठ वर्षांचा बटु, अर्थाचा गंध नसतांहि, पोथींतील सूक्त घडाघडा वाचून दाखवूं शकतो. इंग्रजीच्या दारांत पाऊल टाकतांच मात्र हें सुख उंबरठ्याबाहेर ठेवावें लागतें. तेथें असे पुष्कळ शब्द भेटतात, कीं ज्यांचा अर्थ समजल्यावांचून त्यांचा उच्चारच करतां येत नाहीं. आधीं वाचावें आणि मग समजून घ्यावें, हा आपला क्रम; आधीं समजून घ्या आणि मगच तोंड उघडा, असा इंग्रजीचा हुकूम!

उदाहरण घरांतलेंच घेऊं. भिंतींच्या रंगाच्या डब्यावर किंवा लहान मुलांच्या खेळण्यांच्या खोक्यावर पुष्कळदां एक सूचना छापलेली असते. तिच्यांतील पहिल्या शब्दाचीं अक्षरें एल-ई-ए-डी, आणि दुसरा शब्द 'फ्री'. शाळेंत मुलानें या चार अक्षरांचा उच्चार 'लीड' आणि अर्थ 'पुढें नेणें, पुढारीपण करणें' असा पाठ केलेला असतो. तो 'लीड फ्री' असें वाचतो, 'पुढारीपण फुकट' असा अर्थ लावतो, आणि हंसून खोकें बाजूला ठेवतो. वस्तुतः तेथें उच्चार 'लेड' असा असून अर्थ शिसें असा आहे. 'फ्री' हा शब्दहि तेथें 'फुकट' या अर्थीं नसून 'विरहित' या अर्थीं आला आहे. शिसें हें लहान मुलांच्या मेंदूला घातक असें विष होय. तें या वस्तूंत नाहीं, एवढी महत्त्वाची गोष्ट ती सूचना सांगत असते. उच्चार चुकला तेथें केवळ जीभ घसरली असें नव्हे. अर्थच हातचा गेला.

असे जुळे शब्द उत्पन्न कां झाले हें समजलें, म्हणजे त्यांच्याविषयींचा राग पुष्कळ शांत होतो. जुन्या इंग्रजींत शिशाचा शब्द निराळा होता आणि पुढें नेण्याच्या क्रियेचा निराळा. कालांतरानें दोघांच्या अंगावर एकाच कापडाचा अंगरखा चढला. विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ सालीं लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथें इंग्लंडांतील पहिला छापखाना घातला, आणि पुढील काळांत छापील शब्दांचीं रूपें हळूहळू कायम होत गेलीं. परंतु सुमारें १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजी बोलण्यांतील दीर्घ स्वर एकामागून एक आपलीं स्थानें बदलीत होते. कांहीं शब्दांतील दीर्घ स्वर ऱ्हस्व झाले. 'ब्रेड', 'हेड', 'डेड' यांच्या पंक्तींत शिशाचा 'लेड' जाऊन बसला, तर पुढें नेण्याचा 'लीड' दीर्घच राहिला. जीभ पुढें गेली, लेखणी मागें थांबली. आज आपण जें लिहितों तें पुष्कळ अंशीं जुन्या उच्चाराचें चित्र आहे.

या कुळांतील आणखी मंडळी पाहा. 'टिअर' म्हणजे अश्रु आणि 'टेअर' म्हणजे फाडणें. 'विंड' म्हणजे वारा आणि 'वाइंड' म्हणजे गुंडाळणें. 'बो' म्हणजे धनुष्य आणि 'बाउ' म्हणजे नमस्कारार्थ वाकणें. 'रो' म्हणजे रांग आणि 'राउ' म्हणजे भांडण. 'सो' म्हणजे पेरणें आणि 'साउ' म्हणजे डुकरीण. प्रत्येक जोडींतील दोन्ही शब्द लिहावयाचे एकाच अक्षरांनीं. 'वूंड' म्हणजे जखम. तींच अक्षरें 'वाउंड' अशीं वाचलीं तर 'वाइंड' या क्रियापदाचा भूतकाळ! वाऱ्याच्या 'विंड'चा उच्चारहि एके काळीं 'वाइंड' असा होत असे. म्हणून जुन्या इंग्रजी कवितेंत त्याचें यमक 'माइंड' व 'काइंड' यांच्याशीं जुळविलेलें आढळतें.

'वाचणें' या अर्थाचें क्रियापद तर वाचकाचीच परीक्षा घेतें. वर्तमानकाळीं 'रीड', भूतकाळीं 'रेड', आणि लेखन दोन्हीकडे एकच. यावरून मूल सहजच असा नियम बांधतें कीं 'लीड'चा भूतकाळहि तसाच असावा. पण तेथें उच्चार जरी 'लेड' झाला तरी लिहितांना मधला 'ए' गाळून एल-ई-डी असें लिहावयाचें असतें. चांगले शिकलेले लोकहि येथें शिशाचीं अक्षरें लिहून बसतात.

दुसरा वर्ग आघाताचा. मराठींत शब्दाच्या कोणत्या अवयवावर जोर दिला यावरून त्याचा कोशांतील अर्थ बदलत नाहीं. त्यामुळें आपला कान तिकडे लक्षच देत नाहीं. इंग्रजींत आघात हा अर्थाचा द्वारपाल आहे. पहिल्या अवयवावर जोर देऊन 'प्रेझंट' म्हटलें तर भेटवस्तु. दुसऱ्यावर जोर देऊन 'प्रिझेंट' म्हटलें तर अर्पण करणें. 'ऑब्जेक्ट' म्हणजे वस्तु, 'अब्जेक्ट' म्हणजे हरकत घेणें. 'डेझर्ट' म्हणजे वाळवंट, 'डिझर्ट' म्हणजे सोडून जाणें. 'रेफ्यूस' म्हणजे केरकचरा, 'रिफ्यूझ' म्हणजे नाकारणें. सामान्यतः नामांत आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापदांत दुसऱ्यावर पडतो. विशेषणांतहि असाच भेद कोठें कोठें आढळतो. दस्तऐवज 'इन्व्हॅलिड' ठरला म्हणजे तो रद्दबातल झाला. तींच अक्षरें पहिल्या अवयवावर जोर देऊन 'इन्व्हलिड' अशीं वाचलीं, तर दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेला रोगी उभा राहतो.

हा प्रकार जुना असला तरी जीर्ण झालेला नाहीं. पीटर लेव्हिन्स याचा यमककोश १५७० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत आघातभेदाच्या अशा नाम-क्रियापदांच्या जोड्या अवघ्या ३ आढळतात. शर्मन नांवाच्या अभ्यासकानें जुने-नवे कोश तपासून १९७५ सालीं जी गणना प्रसिद्ध केली, तिच्याप्रमाणें ही संख्या १६६० पर्यंत २४, १८०० पर्यंत ७० आणि १९३४ पर्यंत १५० झालेली होती. म्हणजे ही खोड भाषेच्या म्हातारपणाची नसून वाढत्या वयाची आहे! तथापि नियम सरसकट लावूं नये. 'रिपोर्ट' व 'कंट्रोल' हे शब्द नाम असोत वा क्रियापद असोत, आघात दुसऱ्याच अवयवावर राहतो. 'प्रॉमिस' व 'व्हिझिट' यांत तो दोन्ही वेळां पहिल्यावरच पडतो.

तिसरा वर्ग शेवटच्या व्यंजनाचा. 'यूस' म्हणजे उपयोग, 'यूझ' म्हणजे उपयोग करणें. 'हाउस' म्हणजे घर, 'हाउझ' म्हणजे घरांत ठेवणें. 'क्लोस' म्हणजे जवळचा, 'क्लोझ' म्हणजे बंद करणें. ए-टी-ई या अक्षरांनीं संपणाऱ्या कित्येक शब्दांतहि असेंच आहे. 'सेपरेट' असें शेवट ठळक करून म्हटलें तर वेगळें करणें; 'सेपरिट' असें शेवट आंखडून म्हटलें तर वेगळा. येथेंहि नाम, विशेषण कीं क्रियापद, हें ठरल्यावांचून जीभ हलवितां येत नाहीं.

आमच्या घरांतील वडील मंडळींना हें सारें परकें वाटण्याचें वास्तविक कांहीं कारण नाहीं. स्वरानें अर्थ कसा पालटतो याची सर्वांत प्रसिद्ध कथा आपल्याच वाङ्मयांत आहे. इंद्रानें आपल्या पुत्राचा वध केला म्हणून त्वष्ट्यानें इंद्राला मारणारा पुत्र व्हावा या हेतूनें हवन केलें. 'इंद्रशत्रु' हा सामासिक शब्द त्यानें अंत्य स्वर उदात्त करून उच्चारावयास हवा होता. तेव्हां तत्पुरुष समास होऊन 'इंद्राचा घातक' असा अर्थ झाला असता. उच्चार झाला आद्य स्वर उदात्त करून. समास बहुव्रीहि ठरला आणि 'इंद्र हाच ज्याचा घातक' असा अर्थ झाला. वृत्र जन्मला खरा, पण इंद्राच्या हातून मरण्यासाठींच. अक्षर एकहि बदललें नव्हतें. 'प्रेझंट' आणि 'प्रिझेंट' यांतील भेद याच जातीचा आहे.

याहूनहि उपयोगी पडणारें धन भर्तृहरीनें वाक्यपदीयांत ठेवलें आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशावरून निश्चित करावा याचीं साधनें त्यानें सांगितलीं आहेत. साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल, लिंग अशी ती गणना चालते आणि तिच्यांत शेवटीं स्वरहि येतो. मम्मटानें काव्यप्रकाशांत म्हटलें कीं स्वर हा वेदांतच निर्णायक, काव्यांत नव्हे. इंग्रजींत तो रोजच्या बोलण्यांतहि निर्णायक आहे, एवढाच फरक. जेवणाच्या पानावर बसलेला मनुष्य 'सैंधव आण' म्हणाला तर मीठ आणावें, आणि प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा आणावा, हा जुना दृष्टांत प्रकरणाचाच आहे.

हीं साधनें इंग्रजी वाक्याला लावून पाहा. शेजारीं बाणाचा शब्द असेल तर 'बो', राजापुढें उभ्या राहिलेल्या सेवकाचें वर्णन असेल तर 'बाउ', हें साहचर्य. वाक्यांत 'काल' या अर्थाचा शब्द असेल तर 'रीड' नव्हे, 'रेड', हा काल. पाण्याच्या जुन्या नळांची किंवा रंगांची हकीकत चालली असेल तर 'लेड', सैन्याची चालली असेल तर 'लीड', हें प्रकरण. सातासमुद्रांपलीकडील भाषेचें कुलूप आणि किल्ली आपल्या फडताळांतली!

मराठीहि या बाबतींत अगदीं निर्दोष नाहीं. 'चार गाई' आणि 'गाई चार' हे शब्द म्हणून पाहा. पहिल्यांत संख्या आहे आणि 'च' तालव्य आहे; दुसऱ्यांत गाईंना चरावयास नेण्याची आज्ञा आहे आणि 'च' दंत्य आहे. 'जरा थांब' यांतील 'ज' एक, आणि 'जरा आली, केस पिकले' यांतील 'ज' दुसरा. 'हार गुंफला' व 'हार झाली' यांत उच्चार एकच, पण लिंग अर्थ सांगून जातें. मराठी मूल या ठिकाणीं अडखळत नाहीं, कारण तें हे शब्द यादींतून शिकलेलें नसतें. वाक्यांतून, स्वयंपाकघरांतून, अंगणांतून शिकलेलें असतें.

इंग्रजीच्या शिक्षणांत आपण नेमकें याच्या उलट करतों. वहीच्या डाव्या बाजूस शब्द, उजव्या बाजूस एक अर्थ, अशी यादी करून मुलाकडून घोकून घेतों. एका शब्दाला एकच अर्थ व एकच उच्चार, अशी त्याची समजूत दृढ होते. आणि पुढें वाक्यांत तोच शब्द निराळ्या रूपानें आला कीं तें गोंधळतें. वर्गांत हंशा पिकतो, आणि मोठ्यानें वाचण्याचा धीर खचतो तो पुष्कळदां कायमचा. यादी टाकून द्यावी असें नाहीं. पण अशा शब्दापुढें अर्थ न लिहितां दोन लहान वाक्यें लिहावीं व दोन्ही मोठ्यानें वाचून घ्यावींत.

कोश अवश्य पाहावा. डॉ. जॉन्सन याच्या १७५५ च्या कोशांत आघाताच्या खुणा आहेत. जॉन वॉकर याचा उच्चारकोश १७९१ सालीं आणि डॅनियल जोन्स याचा १९१७ सालीं निघाला. आतां तर हातांतील मोबाइलवर बोट ठेवतांच शब्द ऐकूं येतो. परंतु दोन उच्चारांपैकीं या वाक्यांत कोणता, ही निवड वाक्य समजलेल्यानेंच करावयाची असते. मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारीं यंत्रेंहि अशा शब्दांपाशीं कधीं कधीं फसतात.

येथें घरांतील आजोबा-आजींचें काम सुरू होतें. नातवंडें इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जाऊं लागलीं कीं पुष्कळ घरांतील वृद्ध मंडळी, 'आतां आमचें ज्ञान काय कामाचें?' असें म्हणून अभ्यासाच्या जागेपासून दूर सरतात. त्यांनीं तसें करूं नये. त्यांचा इंग्रजी उच्चार साहेबासारखा असण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. दिवेलागणीनंतर मुलाला पुस्तकांतील एक उतारा मोठ्यानें वाचावयास सांगावा, आणि तें अडखळलें तर तीनच प्रश्न विचारावे: या वाक्यांत हा शब्द नाम कीं क्रियापद? त्याच्या शेजारीं कोण बसलें आहे? ही गोष्ट आजची कीं कालची? ज्यानें आयुष्यांत एकदां समासाचा विग्रह केला आहे त्याला हे प्रश्न नवे नाहींत. उत्तर मूल स्वतःच शोधील, उच्चारहि तेंच दुरुस्त करील. आणि घरांतील जुनी विद्या व नवी विद्या एकाच चटईवर बसतील.

तसेंच, एखाद्या शब्दापाशीं मूल क्षणभर थबकलें तर त्याला मंद म्हणूं नये, घाई करूं नये. तें कदाचित् वाक्याच्या शेवटापर्यंत नजर टाकून, कोणता उच्चार करावा याचा निर्णय करीत असेल. समजून वाचण्याचा आरंभ त्या थबकण्यांतच आहे.